धरण टळलं, पण...

लाँग वीकेंडला कुठं जायचं यावर आमच्या टीममध्ये नेहमीप्रमाणे तीन दिवस मेलामेली झाली आणि शेवटी बफेलो नदी ठरली. आर्कान्सातल्या बेंटनव्हिलला ऑनसाईट आलेल्या देशी जनतेला ही सोयीची, गाडीने दीड-दोन तास. प्लॅनिंग अर्थातच माझ्याकडे. (जो स्प्रेडशीट उघडतो त्याच्याच गळ्यात ट्रिप पडते!)

पॉन्कापासून काइल्स लँडिंगपर्यंत साधारण 10 मैल कनू वल्हवायची. काचेच्या बाटल्यांना नदीवर बंदी. खरी गोम पाण्याची. वरच्या टप्प्यात नदी निव्वळ पावसावर चालते. वसंतात पाऊस झाला तर मजा, नाहीतर कनू ओढत दगडांवरून पायपीट. वर धरणच नाही, तर पाणी सोडणार कोण?

इथं मी अडकलो. शेजारच्या व्हाइट नदीवर बुल शोल्ससारखी मोठमोठी धरणं आहेत, मग हिच्यावर का नाही?

धरणं ठरली होती. 1938 च्या पूर नियंत्रण कायद्यापासून लष्कराच्या इंजिनिअर कोअरचा या नदीवर डोळा होता. लोन रॉक आणि गिल्बर्ट या दोन जागाही नक्की होत्या. मार्शल गावातल्या व्यापाऱ्यांना तलाव हवा होता, आणि त्यात चूक काय? गरीब डोंगराळ मुलुख, तलाव झाला की पर्यटक येतील, वीज येईल. विरोधात उभे राहिले डॉ. नील कॉम्प्टन, आमच्या याच बेंटनव्हिलचे डॉक्टर. 1962 मध्ये त्यांनी ओझार्क सोसायटी काढली. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस स्वतः येऊन कनूतून नदी फिरून गेले. डिसेंबर 1965 मध्ये गव्हर्नर फॉबस यांनी धरणाविरुद्ध पत्र लिहिलं आणि कोअरने माघार घेतली. हे तेच फॉबस, ज्यांनी 1957 मध्ये लिटल रॉकच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांची वाट अडवली होती. माणूस एका खान्यात बसत नाही हेच खरं. असो.

1 मार्च 1972 ला निक्सन यांची सही झाली आणि बफेलो देशातली पहिली 'राष्ट्रीय नदी' ठरली. यलोस्टोन पार्कला त्याच दिवशी बरोबर 100 वर्षं झाली होती. 135 मैल नदी मोकळी वाहत राहिली.

इथवर वाचून मी खूश होतो. माझ्या आजीचं गाव कोयनेच्या पाण्याखाली गेलंय. तिच्या तोंडी 'आमच्या तिकडं' हे शब्द आले की पुढं ती गप्प व्हायची. म्हटलं चला, निदान एका नदीकाठची गावं तरी वाचली.

पण नाही. पार्क करायचं म्हणजे काठची जमीन सरकारने घ्यायची. कोणी राजीखुशीने विकली, कोणाची कोर्टामार्फत घेतली गेली. घरमालकांना 25 वर्षं किंवा मरेपर्यंत राहायचा हक्क मागता येत होता, पण जमिनीची मालकी गेली ती गेलीच. धरणही नको आणि पार्कही नको म्हणणारे शेतकरी होते; दोन्हीकडच्या गदारोळात त्यांचं कोणी ऐकलं नाही. बॉक्सली खोऱ्यात शेती आणि घरं टिकली, काही जमीन नंतर अटी घालून लोकांना परत विकली गेली. बाकी ठिकाणी चुली, विहिरी, कुंपणाचे दगड उरले.

आजी म्हणायची, पाणी आटलं की देवळाचा कळस दिसतो. इथं पाणी नाही, घर उघडं दिसतं, पण आत कोणी नाही. यातलं कुठलं जास्त वाईट, मला ठरवता येईना.

स्प्रेडशीटमध्ये मी एक ओळ वाढवली: वाटेत कनू काठाला लावून जुन्या ओसाड घरापाशी अर्धा तास. टीममधून लगेच विचारणा झाली, "तिथं बघण्यासारखं काय आहे?" अजून रिप्लाय दिलेला नाही. शनिवारी पाऊस झाला तर तिथंच दाखवेन.