मोबाइलवरचं वाचन हेही वाचनच

साहित्य संमेलनाचा मांडव असो, ग्रंथालयाचा वर्धापनदिन असो की शाळेतला वाचन प्रेरणा दिन, एक तक्रार हमखास कानावर येते: मोबाइलने वाचन संपवलं. तक्रार करणाऱ्यांची पुस्तकांविषयीची कळकळ खरी आहे, म्हणून तिला नीट उत्तर द्यायला हवं. त्यांचा पक्ष थोडक्यात असा. सतत बोट सरकवत राहिल्याने चित्त एका जागी ठरत नाही. पडद्यावर वाचलं जातं ते तुकड्यातुकड्यांनी, त्याला वाचन म्हणता येत नाही. आणि मराठी पुस्तकं-मासिकं मागे पडली ती यामुळेच.

चित्त ठरत नाही याचा पुरावा म्हणून एक आकडा व्याख्यानांतून सर्रास फिरतो. माणसाचं लक्ष पूर्वी 12 सेकंद टिकायचं, आता 8 सेकंदांवर आलंय आणि गोल्डफिश माशाचं मात्र 9 सेकंद टिकतं. मायक्रोसॉफ्टच्या कॅनडा शाखेच्या 2015 च्या अहवालाने हा आकडा जगभर पोचवला. पण तो त्यांनी स्वतः मोजला नव्हता, दुसऱ्या एका संकेतस्थळावरून उचलला होता. बीबीसीच्या पत्रकाराने 2017 मध्ये त्याचा माग काढला, तेव्हा मुळाशी कुठलंच संशोधन हाती लागलं नाही. माणसाचं लक्ष किती टिकतं हे समोरचं काम काय आहे, यावर ठरतं. पुण्यात सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावून पाहा. राज्यसेवेची तयारी करणारी मुलं-मुली सकाळी जागा धरतात ती रात्रीच उठतात, आणि फोन त्यांच्याही खिशात असतोच. याच पिढीतले तरुण वेब मालिकेचे भाग एका बैठकीत पाहून संपवतात. ही दोन्ही दृश्यं डोळ्यांसमोर असताना या पिढीकडे लक्षच उरलेलं नाही, असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

तुकड्यांनी वाचणं म्हणजे वाचन नव्हे, हे मत तर आपल्याच वाङ्मयाच्या इतिहासाशी जुळत नाही. हरिभाऊ आपट्यांनी 1890 मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी मराठी वाचकाला पहिल्यांदा भेटली ती त्यातूनच, क्रमशः. तिची नायिका यमू हिची कहाणी लोकांनी आठवड्याच्या अंतराने, पुढचा अंक कधी येतो याची वाट बघत वाचली. खंड पडला म्हणून तिची धार कमी झाली नाही. मधल्या दिवसांत घराघरांत तिच्याविषयी बोलणं होत असणार, आणि तेही वाचनच. आज प्रतिलिपी या ऑनलाइन कथामंचावर मराठी कथामालिकेचा भाग आला की वाचक खाली अभिप्राय लिहितात, पुढचा भाग लवकर टाका म्हणून लेखिकेच्या मागे लागतात. त्या लेखनाचा दर्जा हा वेगळा प्रश्न आहे, त्यावर कठोर टीका जरूर व्हावी. पण वाचण्याची रीत तीच, हरिभाऊंच्या वाचकांची.

श्राव्य पुस्तकांनाही असंच हिणवलं जातं. ज्या भाषेत समर्थांनी दासबोधात श्रवणासाठी स्वतंत्र समास लिहिला, त्या भाषेत कानाने घेतलेलं वाङ्मय दुय्यम कसं ठरेल? श्रीधरांचे हरिविजय आणि पांडवप्रताप महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पसरले ते पोथी लावणाऱ्या एकामुळे आणि ओसरीवर बसून ऐकणाऱ्या अनेकांमुळे. ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. त्यांना वाङ्मयाच्या परंपरेतून वगळलं, तर परंपरेत फार थोडी माणसं उरतील.

एका मुद्द्यावर मात्र तक्रार करणाऱ्यांचं म्हणणं मान्य केलंच पाहिजे. स्पेनमधल्या संशोधकांनी 2018 मध्ये कागद आणि पडदा यांची तुलना करणारे 54 अभ्यास एकत्र तपासले. त्यांतल्या वाचकांची संख्या पावणेदोन लाखांच्या घरात होती. माहितीपर मजकूर, त्यातही वेळेचं बंधन घालून वाचायचा असेल, तर कागदावर आकलन अधिक चांगलं होतं, असं त्यात दिसलं. पडद्याची सवय वाढली तरी हा फरक मिटला नाही, उलट वाढत गेला. पण निव्वळ कथात्म मजकुराबाबत असा फरक आढळला नाही. म्हणजे विज्ञानाचा धडा छापील पुस्तकातूनच शिकवावा, टॅब आला म्हणून पाठ्यपुस्तक काढून घेऊ नये. कथा-कादंबरी फोनवर वाचणाऱ्या मुलाला मात्र त्यासाठी बोल लावायचं कारण नाही.

आता मराठी मागे पडल्याचं. ‘सत्यकथा’ मासिक 1982 मध्ये बंद पडलं. भारतात पहिला मोबाइल कॉल झाला तो 1995 च्या जुलैत. हजाराची आवृत्ती संपायला वर्षानुवर्षं लागतात, ही प्रकाशकांची हळहळ तर स्मार्टफोनच्या कितीतरी आधीची. तालुक्याच्या गावी पुस्तकाचं दुकान म्हणजे बहुधा वह्या, गाइडं आणि पंचांग. नवी कादंबरी हवी असली तर जिल्ह्याचं ठिकाण गाठायचं, नाहीतर प्रदर्शनाची वाट बघायची. ही उणीव मोबाइलने आणलेली नाही. घरपोच मागवण्याची सोय करून त्याने ती थोडी भरूनच काढली आहे.

फोनवर चांगलं मराठी वाचायला बसलं की खरी अडचण कळते. जुन्या पुस्तकाची पीडीएफ उघडावी, तर बहुतेक वेळा ते पानाचं छायाचित्र असतं. अक्षर मोठं करायला गेलं की ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीला पान डावी-उजवीकडे ओढावं लागतं. मोतीबिंदू झालेल्या आजोबांनी असं किती वाचायचं? पुस्तक युनिकोडपूर्व फाँटमध्ये बसवलेलं असेल, तर पडद्यावर देवनागरी दिसते, पण एखादी ओळ उचलून दुसरीकडे चिकटवली की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा निरर्थक ढीग हाती येतो. त्यात शब्द शोधता येत नाही. दृष्टिहीन वाचकाच्या फोनमधलं वाचक सॉफ्टवेअरही तिथे मुकं होतं. देवनागरीला युनिकोडमध्ये जागा मिळाली 1991 मध्ये, आणि तरीही ही स्थिती आहे. याचा मला राग येतो, कारण हे काम माणसांनी करायचं राहिलेलं आहे आणि दोष मात्र यंत्राला दिला जातो.

व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या चोरट्या पीडीएफचंही मी समर्थन करणार नाही. ती लेखकाची आणि प्रकाशकाची सरळ लूट आहे. पण मराठी पुस्तकं कुणाला नको आहेत, असं मात्र त्यावरून म्हणता येत नाही. रास्त किमतीत, फोनवर सुखाने वाचता येईल अशी प्रत जिथे मिळत नाही, तिथे चोरटी प्रत फिरते.

कायदेशीर वाट मोकळी आहे. लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, म्हणजे 1919 मध्ये गेलेल्या हरिभाऊंचं लेखन केव्हाच सर्वांचं झालं आहे. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर शोधता येईल अशा मजकुराच्या रूपात आहे आणि साहित्य संस्कृती मंडळाने आपली शेकडो पुस्तकं मोफत खुली केली आहेत, तेव्हा संस्थांना हे जमत नाही असंही नाही. एकोणिसाव्या शतकातल्या कादंबऱ्या, निबंध, नियतकालिकांचे अंक युनिकोडमध्ये, मुद्रितशोधन करून उपलब्ध व्हायला हवेत. त्यासाठी जाणकार मुद्रितशोधक नेमावे लागतील, त्यांना मोबदला द्यावा लागेल. आणि 1967 च्या ग्रंथालय कायद्याने अनुदान घेणाऱ्या ग्रंथालयांनी कपाटातल्या पुस्तकांबरोबर ही पुस्तकंही वाचकाच्या फोनवर उतरवून द्यावीत. सभासदाला ती कशी शोधायची हे काउंटरवर बसलेल्या ग्रंथपालाने दाखवावं आणि त्या वाचनाची नोंदही रोजच्या देवघेवीच्या वहीत व्हावी.