वाऱ्याच्या आडोशापासून किडीच्या जाळीपर्यंत : खान्देशातील भाजीपाला संरक्षणाचा इतिहास

प्रस्तावना

खान्देशच्या शेतीच्या इतिहासात कापूस आणि केळी या दोन पिकांनी एवढी जागा व्यापली आहे की, विहिरीवरच्या मळ्यातील वांगी, मिरची, टोमॅटो, कोबी यांच्या वाट्याला एखादा परिच्छेदही क्वचितच येतो. वास्तविक अल्पभूधारक कुटुंबाच्या हाती आठवड्याच्या बाजाराला रोख पैसा येतो तो याच पिकांतून, आणि कीटकनाशकांचा पंप पाठीवर सर्वाधिक वेळा चढतो तोही याच पिकांसाठी. जाळीसारखी साधी वस्तू जळगाव व धुळे जिल्ह्यांतील शेतात कोणत्या मार्गाने आली, कोणाच्या शेतात आली आणि भाजीपाल्याच्या वाफ्यापर्यंत पोहोचण्यास तिला एवढा विलंब का लागला, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

फवारणीपूर्व काळ

१९०६ मध्ये जुन्या खान्देश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले. त्याच वर्षी पुसा येथील कीटकशास्त्रज्ञ मॅक्सवेल-लेफ्रॉय यांचा भारतीय पिकांवरील किडींविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या काळात किडीचा बंदोबस्त म्हणजे मुख्यतः हातांचे काम होते. अळ्या वेचणे, कीड लागलेला भाग तोडून जाळणे, पिकाचे अवशेष शेतात न ठेवणे आणि पेरणीची वेळ साधणे हे त्याचे स्वरूप होते. पश्चिम खान्देशात पांझरा नदीच्या खोऱ्यातील फड पद्धतीत बंधाऱ्याखालील क्षेत्राचे भाग पाडून एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे व पुढील वर्षी ते बदलावयाचे, असा सामूहिक निर्णय होत असे. हेतू अर्थातच पाण्याच्या वाटणीचा होता. परंतु एकाच जागी एकच पीक सतत न राहिल्याने किडीची साखळीही तुटत असावी, असे मानण्यास जागा आहे. विहिरीवरील भाजीच्या मळ्याला मात्र असे सामूहिक बंधन नव्हते. तेथे वांगे संपले की शेजारच्या वाफ्यात दुसरे वांगे उभे असे.

१९५३ च्या राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रमाने डी.डी.टी. गावोगाव नेली आणि त्यानंतरच्या दोन दशकांत शेतीतही रासायनिक कीटकनाशके रुळली. घरात डासाला अडविणारी मच्छरदाणी आणि डासाला मारणारी फवारणी हे दोन्ही मार्ग तेव्हा उपलब्ध होते. शेतीने मात्र दुसराच मार्ग उचलला.

वांग्यातील अळी

फवारणीची मर्यादा खान्देशात कोठे उघड झाली असेल, तर ती वांग्यात. जळगाव तालुक्यातील असोदे (कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे माहेर), भादली, यावल तालुक्यातील बामणोद या परिसरातील भरिताचे वांगे प्रसिद्ध आहे. पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेल्या या वांग्याला 'जळगावचे भरीत वांगे' म्हणून २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या पिकाचा मुख्य शत्रू म्हणजे शेंडा व फळ पोखरणारी अळी. हिचा पतंग निशाचर असून तो पानाच्या मागील बाजूस सुटी सुटी अंडी घालतो. अंड्यातून बाहेर पडलेली अळी अल्पावधीतच कोवळ्या शेंड्यात किंवा फळात शिरते व प्रवेशाचे छिद्र विष्ठेने बुजवून घेते. एकदा ती आत गेली की फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. बाहेर फिरणाऱ्या अळीची वेळ साधण्यासाठी शेतकरी पुन्हा पुन्हा फवारतो. तोडणी मात्र दर काही दिवसांनी चालूच असते. म्हणजे औषधाचा अंश उतरण्याआधीच वांगे बाजारात जाते. अधिक जहाल औषधाने हे कोडे सुटणारे नव्हते, कारण अडचण औषधाच्या शक्तीची नसून अळीच्या जागेची होती.

या अडचणीवर दोन दिशांनी उत्तरे शोधली गेली. पहिले उत्तर झाडाच्या आत घातलेले होते. जालना येथील महिको कंपनीच्या बी.टी. वांग्याला १४ ऑक्टोबर २००९ रोजी जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने हिरवा कंदील दाखविला. त्यानंतर देशातील सात शहरांत जनसुनावण्या झाल्या. महाराष्ट्रातील सुनावणी नागपूरला झाली आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी या वाणास स्थगिती दिली. या वादावर विपुल लेखन झाले आहे. दुसऱ्या उत्तराकडे मात्र त्या गदारोळात फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. तैवानस्थित जागतिक भाजीपाला केंद्राने २००० नंतरच्या काही वर्षांत भारत, बांगलादेश व श्रीलंका येथील संस्थांसमवेत याच अळीसाठी एकात्मिक पद्धत तपासली होती. कीड लागलेले शेंडे नियमित कापून नष्ट करणे, कामगंध सापळे लावणे आणि प्लॉटभोवती जाळीचा अडथळा उभारणे हे उपाय त्यात विचारात घेतले गेले. यातील जाळी ही मच्छरदाणीहून बारीक असण्याची गरज नाही. पतंगाचा पंखविस्तार सुमारे २० मि.मी. असतो, मच्छरदाणीचे छिद्र दीड मि.मी.च्या आत-बाहेर असते.

जाळीचा प्रवेश : केळीच्या मागून

खान्देशात जाळी आली ती किडीसाठी नव्हे. रावेर-यावल पट्ट्यात केळीबागेच्या कडेने शेवरी किंवा गजराज गवत लावून उष्ण वारे अडविण्याची जुनी रीत होती. पुढे त्या सजीव आडोशाच्या जोडीला हिरवी शेडनेट उभी राहिली. १९८१ मध्ये केंद्र शासनाने शेतीतील प्लास्टिकच्या वापरासाठी राष्ट्रीय समिती नेमली. १९९० च्या दशकात जळगावच्या जैन इरिगेशनने ऊतिसंवर्धित केळीची रोपे आणली. अशी रोपे शेतात जाण्यापूर्वी जाळीच्या सावलीत कणखर करावी लागतात. अशा रीतीने जाळी हा शब्द येथील शेतकऱ्याच्या बोलण्यात आला तो सावली व आडोसा या अर्थाने.

हा अर्थच पुढे अडचणीचा ठरला. सावलीची जाळी ऊन अडविते, कीड अडवीत नाही. पांढरी माशी जेमतेम एक मि.मी. लांबीची असते. तिला थोपविण्यास एका इंचात ४० ते ५० छिद्रे असलेली दाट जाळी लागते, आणि फुलकिड्यांसाठी त्याहूनही दाट. मिरचीवरील पर्णगुच्छ, ज्याला शेतकरी 'बोकड्या' किंवा 'चुरडा-मुरडा' म्हणतात, त्याचा विषाणू पांढरी माशीच पसरविते. दोंडाईचा-नंदुरबार हा मिरचीचा पट्टा (नंदुरबार १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होते) या रोगाशी चांगला परिचित आहे. कापसाचे शेत शेजारी असले की पांढऱ्या माशीला आश्रय आयताच मिळतो. म्हणून मिरची व टोमॅटोच्या गादीवाफ्यावर बांबूच्या किंवा तारेच्या कमानी रोवून पहिले महिनाभर नायलॉनची दाट जाळी पांघरण्याची शिफारस कृषी विद्यापीठांनी केली, आणि कमी खर्चाच्या जाळीचा हा एक वापर शेतकऱ्यांनी मनापासून स्वीकारला. दोन-तीन वाफ्यांपुरती जाळी कोणालाही परवडते, शिवाय ती पुढील हंगामातही कामी येते.

अनुदानाची चौकट

रोपे शेतात गेली की मात्र जाळी सुटते. याचे कारण शासकीय योजनांच्या भाषेत सापडते. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाच्या २०१४ च्या मापदंडात लोखंडी पाइपच्या शेडनेट गृहाला प्रति चौ.मी. ७१० रुपये खर्च धरून निम्मे अनुदान होते. पक्षी व गारा अडविणाऱ्या जाळीला ३५ रुपये धरले होते. अनुदानाचे एकक सांगाडा हे होते, पीक हे नव्हते. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या (२०१८) पहिल्या टप्प्यात जळगाव जिल्ह्याचा समावेश झाला, धुळ्याचा झाला नाही. २०२० च्या रोपवाटिका योजनेतही एकक होते ते १,००० चौ.मी.चे शेडनेट गृह.

दहा गुंठ्यांचा हिशेब पाहावा. सुमारे १,०१२ चौ.मी.वर शेडनेट गृह उभारण्याचा खर्च वरील मापदंडाने सात लाखांच्या पुढे जातो आणि अनुदान वजा करताही साडेतीन लाखांहून अधिक रक्कम शेतकऱ्याला घालावी लागते. याच दहा गुंठ्यांचा प्लॉट चौरस असेल तर परिघ सुमारे १२७ मीटर भरतो. भोवती दोन मीटर उंचीची जाळी लावायची तर २५४ चौ.मी. पुरते, म्हणजे पक्षीरोधक जाळीचाच दर धरला तर खांब व मजुरी सोडून ९,००० रुपयांच्या आत. असे कुंपण छताची बरोबरी करीत नाही, कीड लागलेले शेंडे कापल्यावाचून तर त्याचा उपयोगही मर्यादित राहतो. परंतु दोन आकड्यांतील हे अंतर छोट्या शेतकऱ्याच्या बाबतीत निर्णायक आहे. त्याने आपल्यापुरते उत्तर शोधलेही. रानडुकरांना बुजविण्यासाठी जुन्या साड्यांचे कुंपण राज्यभर दिसते आणि डाळिंबाच्या बागांत उन्हापासून फळ वाचविण्यासाठी त्याच साड्या झाडांवर चढतात. कोणत्याही योजनेच्या आकडेवारीत या साड्यांची नोंद होत नाही, म्हणून इतिहासकाराने तरी ती घ्यावयास हवी.

उष्णतेचा आक्षेप

खान्देशातील उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा जाळीखाली पीक गुदमरेल असा आक्षेप घेतला जातो, आणि तो निराधार नाही. पश्चिम आफ्रिकेतील बेनिन देशात कोबीवरील प्रयोगांत यावर साधा तोडगा निघाला. मच्छरदाणीच्या जातीची जाळी संध्याकाळी वाफ्यावर टाकावयाची व सकाळी काढावयाची. पतंग रात्री उडतात, त्यामुळे दिवसा पीक मोकळे ठेवता येते. यात मजुरी वाढते, आणि भाजीच्या मळ्यात ही मजुरी बहुधा घरच्या स्त्रीची असते, ही बाब अशा प्रयोगांच्या हिशेबात सहसा धरली जात नाही. वेलवर्गीय पिकांत आणखी एक अट येते. कलिंगड-खरबुजावर पांघरलेले क्रॉप कव्हर फुले येताच काढावे लागते, अन्यथा मधमाशी आत येत नाही व फळ धरत नाही. वांग्याचे फूल बहुतांशी स्वपरागित असल्याने तेथे ही अडचण फारशी येत नाही.

भरिताच्या वांग्याला तर उष्णतेचा आक्षेप पुरता लागूही पडत नाही. त्याची लागवड पावसाळ्यात होते. चातुर्मासात वांगे वर्ज्य मानणारी घरे चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून ते पुन्हा खाऊ लागतात. त्याच सुमारास तोडणी ऐन भरात असते आणि ती थंडी सरेपर्यंत चालते. जाळी सर्वाधिक सुसह्य असते ते हेच महिने.