रान पेटवतं कोण, आणि विझवतं कोण?

परवा रात्री गच्चीवर गेलो होतो. समोरच्या डोंगरावर लाल माळ सोडल्यासारखी दिसत होती. लेकीने विचारलं, "बाबा, तिकडे कसली लायटिंग?" मी म्हटलं, "वणवा आहे." आणि खाली येऊन जेवायला बसलो. जेवताना लाज वाटली, म्हणून हे लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण पूर्ण वाचा.

आपल्या झाडीपट्टीत मार्च-एप्रिलमध्ये डोंगर पेटणं हे आपण ऋतूसारखं धरून चाललोय. ८ एप्रिल २०२१ आठवतंय का? नागझिऱ्याच्या जंगलात आग विझवायला गेलेले तीन हंगामी मजूर होरपळून गेले. मंत्री-संत्री नव्हते ते. रोजंदारीवर झाडाच्या फांदीने आग झोडपणारी माणसं होती. चार दिवस बातमी चालली, मग आपण विसरलो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. "उन्हाने जंगल आपोआप पेटतं" असं पुष्कळजण सांगतात. ऊन पाला वाळवतं, काडी लावत नाही. वीज पडून आग लागू शकते, पण आपल्याकडे वीज बहुतेक वेळा पावसाला सोबत घेऊन येते. म्हणजे आग लावतो माणूसच. कधी मोहफूल वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतो आणि न विझवताच घरी जातो. कधी तेंदूला कोवळी पालवी लवकर फुटावी म्हणून, कधी गुरांना नवं गवत मिळावं म्हणून, कधी शिकारीसाठी. आणि कधी नुसतं बिडीचं थोटूक.

ऑस्ट्रेलियातल्या आगी टीव्हीवर दिसतात, कारण तिथे झाडांचे शेंडे पेटतात, गावंच्या गावं जळतात. आपली आग जमिनीलगत सरपटते. मोठा साग काळा पडून उभा राहतो, म्हणून आपल्याला वाटतं काही झालं नाही. पण त्याच्या पायाशी उगवलेली रोपं जातात, जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांची अंडी जातात, कासवं-सरडे जातात. पाल्याची गादी जळाली की पहिल्याच पावसात माती वाहून नाल्यात. पुढचं जंगलच जळतं, फक्त त्याचा फोटो येत नाही.

आता इतिहास. माणूस जंगलात आग वापरतोय ते हजारो वर्षांपासून. डोंगरउतारावर फिरती शेती करणारे झाडोरा जाळून त्या राखेत पेरायचे. कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. त्या आगीला हद्द होती, वेळ होती आणि शेजारी उभा राहून लक्ष ठेवणारा माणूस होता.

मग इंग्रज आला. त्याला रेल्वेच्या स्लीपरसाठी साग-साल हवा होता. १८६० च्या दशकात मध्य प्रांतात, म्हणजे ज्यात आपला भंडारा आणि चांदा जिल्हाही होता, सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात कर्नल पिअर्सनने आगबंदीचा प्रयोग सुरू केला. जाळरेषा आल्या, पहारे आले. १८७८ च्या कायद्याने राखीव जंगलं पक्की झाली. सरकारने गायरानं कशी गिळली हे जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये त्याच काळात मांडलं. १९२७ चा वन कायदा तर सांगतो की राखीव जंगलात कुणी जाणूनबुजून किंवा घोर निष्काळजीपणाने आग लावली, तर सरकार तिथले चराईचे आणि वनोपजाचे हक्कच थांबवू शकतं. काडी एकाने लावायची, शिक्षा सगळ्या गावाला.

परिणाम काय झाला? १९२१ च्या उन्हाळ्यात कुमाऊंच्या डोंगरात लोकांनीच सरकारी चिडाची जंगलं पेटवली. पण त्याच लोकांनी गुराढोरांना उपयोगी असलेली बांजची रुंद पानांची जंगलं मात्र जाळली नाहीत. तीसुद्धा सरकारच्याच ताब्यात होती! म्हणजे राग झाडांवर नव्हता, मालकीवर होता. सरकारने तक्रारींसाठी समिती नेमली आणि पुढे १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम आले.

हा धडा आपल्या दाराशीही आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगल राखण्याचा हक्क दिला. २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्क मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने त्याहून कठीण निर्णय घेतला. तेंदूपत्ता म्हटलं की फांद्या छाटणं आणि आग आली, म्हणून तेंदू तोडायचाच नाही असं ठरवलं. हातात येणारा पैसा सोडणं सोपं नसतं, ज्याच्या घरी उन्हाळा तेंदूवर निघतो त्याला विचारा.

म्हणून सगळी गावं पाचगाव होतील असं मी म्हणणार नाही. आणि हक्क मिळाला की आग आपोआप थांबते, असंही नाही. काही ठिकाणी आता काडी लावणारा बाहेरचा नाही, आपलाच आहे. पूर्वी म्हणायचो, "सरकारचं जंगल, जळू दे." आता तो बहाणाही राहिला नाही.

उपग्रह आता आग टिपतो, वनरक्षकाच्या मोबाईलवर मेसेज येतो. पण एका बीटमध्ये तो एकटा, सोबत मोजके मजूर. तो पोहोचेपर्यंत डोंगर उतरून आग दुसऱ्या बाजूला गेलेली असते. त्याच्या आधी पोहोचू शकतो तो फक्त गावातला माणूस.

तेव्हा साधं मागणं आहे. मोहाखालचा पाला जाळू नका, झाडून बाजूला करा किंवा जुनी साडी अंथरा. ग्रामसभांनी तेंदूच्या करारात "आग लावली तर करार रद्द" ही ओळ घालावी. धूर दिसला तर फोटो काढण्याआधी वनरक्षकाला फोन करा. आणि विझवायला जाणाऱ्या मजुरांना बूट, पाणी आणि विमा मिळाला का, हे आपल्या लोकप्रतिनिधीला विचारा. मी विचारणार आहे, उत्तर आलं की इथेच टाकतो.

लेकीला काल सांगितलं, ती लायटिंग नव्हती. ती म्हणाली, "मग आपण खाली का आलो?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे आहे?