विमानांतील मधला वर्ग

लांबच्या विमानप्रवासाचें तिकीट काढण्याची वेळ आली कीं सुखवस्तु घरांत एक प्रश्न हमखास निघतो. मागील भागांत बसून जावें, कीं तिप्पट-चौपट पैसे मोजून पुढील 'बिझनेस क्लास'मध्यें निजून जावें? विमान तेंच, वैमानिक तोच, उतरण्याचा क्षणहि एकच. मग या जादा पैशांत विकत मिळतें तें काय? या प्रश्नाचें उत्तर जाहिरातींत शोधण्यापेक्षां हा वर्ग जन्मास कसा आला याच्या इतिहासांत शोधणें अधिक सोयीचें. कारण चैनीखातर हा वर्ग काढलेलाच नाहीं. तो निघाला एका तक्रारींतून.

आरंभीं विमानांत वर्ग नव्हते. १९२९ च्या मार्चअखेर इंपीरिअल एअरवेज या ब्रिटिश कंपनीनें लंडन ते कराची हा मार्ग सुरू केला. सात दिवसांच्या त्या प्रवासाचें भाडें १३० पौंड होतें, आणि तें सर्वांस सारखेंच. मधला एक टप्पा तर आगगाडीनेंच काटावा लागे. संध्याकाळ झाली कीं उतारू जमिनीवर येत, हॉटेलांत जेवत, पलंगावर निजत आणि सकाळीं पुन्हां आकाशांत जात. भाड्यांत हा सारा खर्च धरलेला असे. झोंप ही विमानानें पुरवावयाची वस्तु आहे, ही कल्पनाच तेव्हां उपजली नव्हती. ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पुढें तिचा उपयोग होणार आहे.

त्याच काळीं मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून विलायतेस जाणाऱ्या आगबोटींत मात्र वर्गांची उतरंड पक्की रुजलेली होती. १९३१ च्या ऑगस्टमध्यें गांधीजी गोलमेज परिषदेसाठीं 'राजपुताना' बोटीनें निघाले ते खालच्या वर्गानें. आणि सोबत्यांनीं बरोबर घेतलेल्या सामानाचा ढीग पाहून त्यांनीं जादा पेट्या एडनहून परत धाडल्या. आगगाडीचा तिसरा वर्ग तर आपल्याकडे १९७४ पर्यंत टिकला. वर्ग पाडून भाडें घेण्याची विद्या विमानवाल्यांना नवी नव्हती. फक्त वर्ग पाडण्याइतके उतारूच अद्याप जमले नव्हते.

८ जून १९४८ रोजीं एअर-इंडिया इंटरनॅशनलचें 'मलबार प्रिन्सेस' हें विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हा या मार्गानें लंडनला निघालें, तेव्हां आंत ३५ उतारू होते. एका बाजूचें भाडें १,७२० रुपये. आदल्या वर्षीं पहिल्या वेतन आयोगानें केंद्र सरकारच्या सर्वांत खालच्या नोकरास महागाईभत्त्यासह दरमहा ५५ रुपये ठरवून दिले होते. त्या नोकरानें पोटास कांहीं न खातां पैसे सांठविले असते, तरी लंडनला पोंचण्यास त्याला एकतीस महिने लागले असते. परत येण्याची गोष्टच वेगळी. त्या काळीं विमानांत बसणें हाच एक वर्ग होता.

हें चित्र पालटलें तें अटलांटिक महासागरावर. निरनिराळ्या देशांच्या कंपन्या तेव्हां एका आंतरराष्ट्रीय संघटनेंत एकत्र बसून भाडें ठरवीत. १ मे १९५२ पासून तिनें 'टूरिस्ट' वर्गास मान्यता दिली. न्यूयॉर्क-लंडन जाण्यायेण्याचें जुनें भाडें ७११ डॉलर, तर नव्या वर्गाचें ४८६. पुढें १९५८ च्या एप्रिलमध्यें त्याहूनहि स्वस्त असा 'इकॉनॉमी' वर्ग निघाला. आतां एक नवीच अडचण उभी राहिली. स्वस्त तिकिटाचा उतारू फार सुखी होतां कामा नये, नाहींतर महाग तिकीट घेणार कोण? म्हणून नियम झाला कीं इकॉनॉमी वर्गास जेवण द्यावयाचें नाहीं. साधें, थंड आणि स्वस्त असें सँडविच तेवढें द्यावें.

युरोपांतील कांहीं कंपन्यांनीं या नियमांतून पळवाट काढली. पावाचा एक तुकडा खालीं ठेवून त्यावर मांस, मासळी, चीज यांची अशी रास रचावयाची कीं पाव शोधून काढावा लागे. आणि तें सँडविच म्हणून उतारूपुढें ठेवावयाचें. पॅन अमेरिकन कंपनीनें संघटनेकडे तक्रार नेली. शहाण्यासुरत्या माणसांनीं सँडविच कशास म्हणावें यावर गंभीरपणें खल केला आणि स्कँडिनेव्हियाच्या कंपनीस २०,००० डॉलर दंड झाला. हा प्रसंग हंसण्यावारी नेण्याजोगा खरा, पण वर्गभेदाचें सारें मर्म त्यांत आलें आहे. मागच्या वर्गाची गैरसोय ही नुसती काटकसर नव्हे. पुढच्या वर्गाचें तिकीट खपविण्याची ती एक युक्तीहि आहे.

१९७० च्या जानेवारींत बोइंग ७४७ हें अगडबंब विमान अटलांटिकवर उडूं लागलें. पुढच्याच वर्षीं एअर इंडियानेंहि तें आणलें. साडेतीनशें-चारशें जागा भरावयाच्या कशा? कंपन्यांनीं आगाऊ तिकीट घेणारांस मोठी सूट दिली. १९७७ च्या सप्टेंबरमध्यें फ्रेडी लेकर या इंग्रज उद्योजकानें लंडन ते न्यूयॉर्क अवघ्या ५९ पौंडांत नेण्यास आरंभ केला, तेव्हां इतरांनाहि दर उतरवणें भाग पडलें.

आणि येथेंच ती तक्रार उद्भवली. एखाद्या व्यापाऱ्यास उद्यां लंडनला गेलेंच पाहिजे. काम लांबलें तर परतीचा दिवसहि बदलतां आला पाहिजे. ही मोकळीक हवी म्हणून तो इकॉनॉमीचें पुरें भाडें भरी. विमानांत चढून पाहतो तों शेजारीं सुटीस निघालेलें कुटुंब, मांडीवर रडतें मूल, आणि त्यांनीं भरलेले पैसे याच्या निम्मे! जेवण तेंच, जागा तीच. हा उतारू रुसून दुसऱ्या कंपनीकडे गेला तर नफाच त्याच्याबरोबर जावयाचा. म्हणून १९७६ मध्यें के. एल. एम. या डच कंपनीनें पुरें भाडें भरणारांना पहिल्या वर्गाच्या लगत मागें वेगळें बसविण्यास सुरुवात केली. १९७८ मध्यें पॅन अमेरिकननें तसाच वर्ग काढला. क्वांटास या ऑस्ट्रेलियन कंपनीनें १९७९ मध्यें 'बिझनेस क्लास' सुरू केला आणि जगांतील पहिला तो आपलाच, असें ती सांगत आली आहे. त्या मानापमानांत शिरण्याचें कारण नाहीं. आरंभीं या वर्गांत होतें तरी काय? एक पडदा, थोडी शांतता आणि पेयांचे पैसे माफ. पलंगाचें कोणाच्या स्वप्नांतहि नव्हतें.

पलंग आला तो चढाओढींतून. प्रत्येक कंपनीनें खुर्ची चार बोटें अधिक कलती करावी, दुसरीनें त्यावर ताण करावी, असें वीस वर्षें चाललें. २००० सालीं ब्रिटिश एअरवेजनें बिझनेस क्लासमध्यें पूर्ण सपाट होणारें अंथरूण दिलें. कमी जागेंत अधिक पलंग बसावेत म्हणून एक खुर्ची पुढें तोंड केलेली तर शेजारची मागें, अशी मांडणी केली. परिणामीं एवढे पैसे भरलेला उतारू विमान उडतांना एका अनोळखी माणसाच्या डोळ्यांत डोळे घालून बसे. मधली झडप मागाहून वर होई. पुढें हा वर्ग इतका थाटाचा झाला कीं पुष्कळ कंपन्यांनीं जुना पहिला वर्गच मोडीत काढला. मधली जागा रिकामी पडली म्हणून १९९२ च्या सुमारास इकॉनॉमी व बिझनेस यांच्यामध्यें आणखी एक वर्ग घुसविण्यांत आला. उतरंडीस पुन्हां एक मडकें वाढलें.

या हकीकतीला काँकर्ड विमानाची जोड दिली म्हणजे एक गोष्ट स्पष्ट दिसते. १९७६ पासून २००३ पर्यंत हें विमान आवाजापेक्षां वेगानें उडून साडेतीन तासांच्या सुमारास अटलांटिक ओलांडी. त्यांतील शंभर जागा दाटीवाटीच्या, खिडक्या हाताच्या पंजाएवढ्या. तरीहि भाडें पहिल्या वर्गाहून अधिक. तें भरणारांनीं ऐसपैस खुर्चीचा हट्ट धरला नाहीं, कारण त्यांस खरोखरीचा वेळ मिळत होता. बिझनेस क्लासला वेळ विकतां येत नाहीं. तो जागा विकतो, आणि त्या जागेंत झोंप येईल अशी आशा विकतो.

आतां किंमतीचा विचार. या वर्गाच्या नांवांतच त्याचें गुपित आहे. तिकिटाचे पैसे व्यवसाय भरतो. बसणारा भरीत नाहीं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवावयाचें, तेव्हां घासाघीस कोण करतो? २०१८ च्या सुमारास आंतरराष्ट्रीय उतारूंमध्यें पुढच्या वर्गांतील लोक शेंकडा पांचाच्या आसपास होते. भाड्याच्या उत्पन्नांत मात्र त्यांचा वांटा शेंकडा तीसाच्या घरांत जाई. म्हणजे हा दर कंपन्यांच्या पिशवीच्या मापानें बेतलेला आहे. घरच्या पैशांतून तो भरणाऱ्या माणसास तो अवाच्या सवा वाटला तर त्यांत त्याच्या कद्रूपणाचा भाग नाहीं. उलट, मागचा वर्ग नसता तर पुढचा तरला असता असेंहि नव्हे. केवळ बिझनेस क्लासच्याच जागा असलेल्या मॅक्सजेट, ईऑस आणि सिल्व्हरजेट या तीन कंपन्या २००७ च्या डिसेंबरपासून २००८ च्या मेपर्यंत, अवघ्या सहा महिन्यांत, एकामागून एक बुडाल्या. इंधन महागलें हें एक कारण. पण पोटांतील माल आणि मागील शेंकडों माणसें यांवांचून एवढें अवजड धूड उडवणें परवडत नाहीं, हेंहि त्यांत दिसून आलें.

प्रकृतीच्या सबबीविषयीं दोन शब्द. पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याच्या विकारास 'इकॉनॉमी क्लास सिंड्रोम' असें नांव पडलें आणि त्या नांवानें पुष्कळांची दिशाभूल केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालाप्रमाणें चार तासांहून अधिक प्रवासानें हा धोका सुमारें दुपटीनें वाढतो. पण तो आगगाडींत व मोटारींतहि वाढतो, आणि निरोगी माणसांत तो सहा हजारांत एक असा आहे. २०१२ मध्यें छातीच्या विकारांच्या अमेरिकन वैद्यांच्या संस्थेनें साफ सांगितलें कीं, स्वस्त वर्गांत बसल्यामुळें गुठळी होते याला निश्चित पुरावा नाहीं. दोष न हलतां बसून राहण्याचा. खिडकीपाशीं बसून शेजाऱ्याला उठवण्याचा संकोच करणारा माणूस अधिक धोक्यांत असतो. वाटेच्या कडेची जागा मागून घेण्यास फारसे पैसे पडत नाहींत. केबिनमधील हवेचा दाब पुढें व मागें सारखाच असतो, आणि मुंबई-न्यूयॉर्क यांच्या घड्याळांत जें साडेनऊ-साडेदहा तासांचें अंतर आहे, त्यानें शरीराचा होणारा गोंधळ कोणत्याहि वर्गांत टळत नाहीं. जागा अधिक अडविल्यामुळें हवेंत सोडल्या जाणाऱ्या धुराचा वांटाहि वाढतो. जागतिक बँकेच्या २०१३ च्या एका अभ्यासांत बिझनेस क्लासच्या उतारूमागें तो इकॉनॉमीच्या सुमारें तिप्पट धरला आहे.

म्हणून दिवसाच्या प्रवासांत हे पैसे फुकट जातात असें म्हणण्यास हरकत नाहीं. आठ तास बसून पुस्तक वाचण्यासाठीं पलंगाची गरज नसते. रात्रीचा प्रवास करून सकाळीं ज्याला शस्त्रक्रिया करावयाची आहे, कज्जा चालवावयाचा आहे किंवा कारखान्याचा सौदा ठरवावयाचा आहे, त्याची झोंप मात्र तिकिटाहून मोलाची ठरूं शकते; आणि अशाचें भाडें बहुधा दुसराच कोणी भरीत असतो.

कठीण प्रश्न आहे तो मुलाकडे वा मुलीकडे अमेरिकेंत निघालेल्या सत्तरीच्या आईबापांचा. पंधरा-सोळा तासांचें सलग उड्डाण, गुडघे धरलेले, रात्रीं तीनदां उठावें लागणारें. त्यांना दुसऱ्या दिवशीं कचेरी नाहीं. पण पलंगाची गरज त्यांच्याच शरीराला सर्वांत अधिक. येथें १९२९ च्या उतारूंची आठवण उपयोगी पडते. वाटेंत एक रात्र उतरून जमिनीवरील पलंगावर निजावें आणि दुसऱ्या दिवशीं पुढें जावें, हा जुना मार्ग अजून मोकळा आहे. परवान्याची कटकट आणि हॉटेलचा खर्च धरूनहि तो बिझनेस क्लासच्या जादा भाड्याच्या अंशांतच भागतो. मात्र परक्या विमानतळावर सामान ओढीत हिंडण्याची ज्यांना धास्ती वाटते, त्यांनीं हा मार्ग धरूं नये. अशा वेळीं जातांना पुढें व येतांना मागें, अशी तडजोड करणारीं घरें आहेत, आणि ती तडजोड वाईट नाहीं.

विपरीत एवढेंच कीं, कंपनीच्या खर्चानें पुढें निजून जातो तो तिशीपस्तिशींतला धट्टाकट्टा मुलगा, आणि मागें अवघडून बसते ती त्याची आई. तथापि यावर विमानकंपन्यांनीं नकळत एक तोड काढून ठेवली आहे. १९८१ च्या मे महिन्यांत अमेरिकन एअरलाइन्सनें नेहमींच्या उतारूंच्या मैलांचें खातें उघडलें आणि इतरांनीं तें उचललें. तिकिटाचे पैसे कचेरीनें दिले तरी मैल बहुधा उडणाऱ्याच्याच नांवावर चढतात. मुलगा चार वर्षें हे मैल सांठवतो आणि एके दिवशीं त्यांतून आईची मागची जागा पुढें सरकवून घेतो. कचेरीच्या वहींत या खर्चाची नोंद कोठेंच नसते.