हॅक्सॉ ब्लेडच्या सुऱ्या

लोक पोस्टाची तिकिटं जमवतात, नाणी जमवतात. मी सुऱ्या जमवतो. (बायकोने ही गोष्ट अजून माहेरी सांगितलेली नाही.) जपानी, जर्मन वगैरे भारी सुऱ्या नव्हेत हां. आमच्या पिंपरी, भोसरी, चिंचवड भागातल्या कामगारांनी कारखान्यातल्या झिजलेल्या पॉवर हॅक्सॉच्या ब्लेडपासून हाताने बनवलेल्या सुऱ्या. आत्तापर्यंत १९ झाल्यात. काही पुण्याच्या जुन्या बाजारातून, काही भंगारवाल्यांकडून, काही बाबांच्या मित्रांच्या घरून. त्या कुठल्या दुकानात कधी विकायला नव्हत्या, आणि आता कुणी बनवत नाही.

आधी थोडा इतिहास. आपल्याकडे स्वयंपाकघरातलं हत्यार म्हणजे विळी. पातं जागेवर, भाजी हलते. बसून चिरायचं, एक पाय पाटावर, दोन्ही हात मोकळे. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या विळ्या आणि अडकित्ते बघा, एकेकावर मोर, पोपट, काय काय आहे. गावात विळी बनवायचे लोहार, नाहीतर रस्त्याच्या कडेला भाता लावून बसणारे घिसाडी.

मग आमच्याकडे कारखाने आले. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, आणि बघता बघता आजूबाजूच्या शेतांत शेड उभ्या राहिल्या. १९७० ला नगरपालिका, १९८२ ला महानगरपालिका. सातारा, सांगली, मराठवाडा, कोकण, सगळीकडून माणसं आली आणि दोन खोल्यांत राहू लागली. त्या खोल्यांत गॅस आला, ओटा आला, बाई उभी राहून स्वयंपाक करायला लागली. उभं राहून विळीवर चिरता येत नाही! तिथे सुरी लागते. बाजारातल्या स्वस्त स्टीलच्या सुरीला धार टिकत नव्हती. आणि नवरा तर दिवसभर असल्या स्टीलमध्ये काम करत होता, जे लोखंड कापतं.

ते स्टील म्हणजे हाय स्पीड स्टील, शॉपमधल्या भाषेत एचएसएस. त्यातला नेहमीचा प्रकार म्हणजे साधारण ६ टक्के टंगस्टन, ५ टक्के मॉलिब्डेनम, ४ टक्के क्रोमियम, २ टक्के व्हॅनेडियम. साधं कार्बन स्टील ग्राइंडरवर जास्त दाबलं की निळं पडतं आणि मऊ होतं. एचएसएस ५०० अंशांच्या पुढेही कडकपणा सोडत नाही. म्हणून भट्टी नाही, पाणी देणं नाही, नुसतं ग्राइंडरवर दात घासून टाकायचे, धार काढायची, झाली सुरी. भंगारातून घेताना मी ठिणग्या बघतो. कार्बन स्टीलच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या पांढऱ्या फुटतात, एचएसएसच्या मळकट लाल आणि तोकड्या. तोटे दोन. क्रोमियम कमी, त्यामुळे गंजतं. आणि ठिसूळ, हातातून पडली की टोक गेलं. माझ्या १९ पैकी ७ सुऱ्यांना टोक नाही.

मुठीवरून बरंच कळतं. हे स्टील साध्या ड्रिलने भोकलं जात नाही. पण ब्लेडला मशीनमध्ये अडकवायला टोकाशी भोक असतंच, ते वापरून एक पितळी पिन ठोकायची. बाकी पकड अॅराल्डाइटने, तारेने किंवा काळ्या टेपने. दोन्ही बाजूंना हायलमच्या पट्ट्या. ज्या सुरीला दोन पिना आहेत, ती बनवणाऱ्याच्या हाताशी कार्बाइड ड्रिल होतं असं समजावं. मासे खाणाऱ्यांनी हातकरवतीच्या पातळ ब्लेडच्या लवचिक सुऱ्याही केल्या, माझ्याकडे अशा तीन आहेत.

एक गंमत ऐका. हे स्टील १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात जगापुढे आणणाऱ्या दोघांपैकी एक होता फ्रेडरिक टेलर. हो, तोच, स्टॉपवॉच घेऊन कामगारांच्या मागे उभा राहणारा! कामगाराचा एक सेकंद वाया जाऊ नये म्हणून आयुष्य घालवलेल्या माणसाचं स्टील, आणि त्याचीच सुरी, कंपनीच्या वेळेत बनवलेली. अशा कामाला इंग्रज कामगार 'फॉरेनर' म्हणतात, फ्रेंच 'पेरूक', म्हणजे टोप.

मग या सुऱ्या बंद का झाल्या? मशीन बदललं. पॉवर हॅक्सॉ एकाच दिशेला कापतो, परत येताना रिकामा येतो. बँडसॉ सलग कापतो, मालही कमी वाया घालवतो. पण बँडसॉच्या बायमेटल ब्लेडमध्ये एचएसएस फक्त दातांपुरतं असतं, मागची पट्टी स्प्रिंग स्टीलची. दात घासले की चांगलं स्टील गेलंच! चाकणच्या नव्या कारखान्यांत तर असली सुरी बनवायला मोकळा ग्राइंडर आणि मोकळी दहा मिनिटं, दोन्ही मिळणं अवघड. भंगारातला झराही आटतोय. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडी-चिखलीतली हजारो अनधिकृत बांधकामं पाडली, त्यात भंगारची गोदामंही गेली. माझ्या ५ सुऱ्या तिथल्याच.

आता मूळ मुद्दा. मी सगळ्याची एक्सेल शीट केलीय. नंबर, लांबी, मूठ, कुठे मिळाली, कुणी बनवली. एके रविवारी सगळ्या सुऱ्या टेबलावर मांडल्या आणि बाबांना बोलावलं. बाबा एका कंपनीत टूलरूममध्ये होते (नाव नको). म्हटलं, बघा माझं कलेक्शन.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ह्याला तू कलेक्शन म्हणतोस? आमच्याकडे ह्याला चार्जशीट म्हणायचे."

१९८६ साली गेटवर त्यांच्या डब्याच्या पिशवीत सुरी सापडली होती. तीन दिवस सस्पेंड. ब्लेड भंगारात जाणारंच होतं, पण चोरी ती चोरी. तीन दिवस ते रोज डबा घेऊन वेळेवर घराबाहेर पडायचे आणि मोरया गोसावींच्या देवळात जाऊन बसायचे. आईलाही कळू दिलं नाही. मला हे कळायला माझी चाळिशी उलटावी लागली. मी मोठ्या हौसेने ज्याला कारागिरी म्हणत होतो, तिच्यावर त्यांच्या लेखी अजून डाग होता. "कुणी बनवली" हा कॉलम रिकामाच ठेव म्हणाले. ठेवला.

पण उठता उठता त्यांनी १२ नंबरची सुरी उचलली. उजेडात धरली, अंगठा फिरवला. "धार एकाच बाजूने काढलीय, तीही उलट्या. हा डावखुरा होता." आणि नाव सांगितलं. ते गृहस्थ आता नाहीत.

मी विचारलं, "लिहू का?"

"आधी त्याच्या मुलाला विचार. आणि सुरी घेऊन जा, नुसता फोन नको करू."

मुलगा चाकणला असतो म्हणे. पुढच्या रविवारी जाऊन येतो.