जुन्या कॉम्प्युटरमधली मराठी फाईल ‘चायनीज’ दिसते? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

बडोदा : दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या मराठी घरांत एखादा जुना कॉम्प्युटर अजूनही कोपऱ्यात कापड टाकून ठेवलेला सापडतो. त्यात कुळाची वंशावळ, आजोबांच्या आठवणी, मंडळाच्या सभासदांची यादी, वाटणीपत्राचा मसुदा असं बरंच काही पडलेलं असतं. कधीतरी गरज लागते, मशीन चालू होतं, फाईलही सापडते. उघडल्यावर मात्र पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी, नाहीतर नुसते चौकोन, नाहीतर प्रश्नचिन्हांची रांग. ‘व्हायरस आलाय’ हे घरच्यांचं निदान, आणि ‘फॉरमॅट मारावं लागेल’ हे दुरुस्तीवाल्याचं. बहुतेक वेळा दोन्ही चुकीचं असतं. फाईल जशीच्या तशी शाबूत असते, गेलेला असतो तो तिला दाखवणारा फॉन्ट. खरं नुकसान होतं ते त्यानंतर, घाईघाईत कुणीतरी काहीतरी बदलून ‘सेव्ह’ दाबतं तेव्हा.

म्हणून पहिलं काम एकच. फाईलची कॉपी पेनड्राइव्हवर घ्या आणि जे काही प्रयोग करायचे ते त्या कॉपीवर करा. मूळ फाईलला हात लावू नका.

हा घोळ येतो कुठून?

कॉम्प्युटर अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षं मराठी टायपिंगसाठी जे फॉन्ट चालले, त्यांनी इंग्रजी अक्षरांच्याच जागा वापरल्या. एका फॉन्टमध्ये २५६ जागा, त्यातल्या वापरता येण्याजोग्या सव्वादोनशेच्या आसपास. तेवढ्यात काना, मात्रा, वेलांट्या, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं कोंबायची. कोणती खूण कुठे बसवायची हे ज्याचं त्याने ठरवलं. पुण्याच्या सी-डॅकच्या आयएसएममधले ‘डीव्ही-टीटी’ फॉन्ट, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, आकृती, हिंदीकडून आलेला क्रुतिदेव, प्रत्येकाचा नकाशा वेगळा. १९९१ मध्ये ‘इस्की’ हे भारतीय मानक आलं, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही आली आणि तिच्यात देवनागरी व गुजराती दोन्ही होत्या. पण छापखान्यांत आणि घरांत जुनेच फॉन्ट चालू राहिले. कारण साधं होतं. पत्रिका, अहवाल, अंक लावायचे ते पेजमेकरमध्ये, आणि पेजमेकरला युनिकोड कळतच नव्हतं. २००१ ची ७.० ही त्याची शेवटची मोठी आवृत्ती.

क्रुतिदेवमध्ये ‘मराठी’ टाईप केलं की फाईलमध्ये प्रत्यक्षात साठतं ते इंग्रजी ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच. फॉन्ट हजर असेल तर डोळ्यांना ‘मराठी’ दिसतं, नसेल तर ही पाच इंग्रजी अक्षरं. यात बिघडलेलं काहीच नसतं.

बडोद्याला हा प्रकार तसा जुनाच म्हणायचा. गायकवाडी काळातले मोडी कागद धड असतात, वाचणारा मिळत नाही. इथेही तेच, फक्त कागदाऐवजी हार्डडिस्क आहे.

बडोद्यात त्यात आणखी एक गुंता होतो. एकाच कागदावर मराठी आणि गुजराती दोन्ही असतात. लग्नपत्रिका, सोसायटीची नोटीस, मंडळाचा अहवाल, सगळीकडे हेच. गुजरातीसाठी टेराफॉन्ट, हरिकृष्ण, एलएमजी असे वेगळेच फॉन्ट वापरलेले असतात. कुणी फाईल उघडून ‘सिलेक्ट ऑल’ केलं आणि सगळ्याला एकच मराठी फॉन्ट लावला, की मराठी परिच्छेद झकास वाचता येतो आणि गुजराती परिच्छेद निरर्थक देवनागरीत बदलतो. अक्षरं ओळखीची, शब्द मात्र एकही लागत नाही. तेवढ्यावर ‘सेव्ह’ झालं की कुठला परिच्छेद मुळात कुठल्या फॉन्टात होता ही माहिती त्या फाईलमधून पुसली जाते. नंदुरबार-नवापूरकडून बडोद्याला पाठवलेल्या फाईलींचीही हीच गत होते. तिकडच्या मशीनवर मराठी फॉन्ट असतात, इकडच्यावर गुजराती.

पडद्यावर काय दिसतंय ते नीट बघा

साधी इंग्रजी अक्षरं, मध्येच अवतरणचिन्हं आणि अर्धविराम असतील तर क्रुतिदेव किंवा त्याच्या घराण्यातला फॉन्ट समजावा. अंडरस्कोअर आणि गणितातलं ‘पेक्षा मोठं’चं चिन्ह (>) वारंवार येत असेल तर श्रीलिपीची शक्यता जास्त. डोक्यावर तिरकी रेघ असलेला कॅपिटल ई दर दुसऱ्या-तिसऱ्या अक्षराला दिसतोय? मग तो बहुधा आयएसएमचा डीव्ही-टीटी, कारण त्यात अक्षराचा उभा दंड त्या जागेवर बसवलेला आहे.

याहून वेगळी एक खिचडी असते. तीत डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा ए आणि त्याच्या मागे चार काटे फुटलेलं गोल चिन्ह, ही जोडी प्रत्येक अक्षरापाशी येत राहते. हा जुना फॉन्ट नव्हे. हा युनिकोड मजकूर आहे, फक्त तो चुकीच्या एन्कोडिंगने उघडला गेलाय. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं असतं, आणि जुना प्रोग्राम त्या तिन्हींना तीन स्वतंत्र अक्षरं समजतो. यादीची सीएसव्ही फाईल एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडली की हमखास असं होतं. डबल-क्लिक न करता एक्सेलच्या ‘डेटा’ मेनूतून ‘फ्रॉम टेक्स्ट’ घ्या आणि एन्कोडिंगच्या यादीत ‘६५००१ यूटीएफ-८’ निवडा. बहुतेक वेळा सगळी नावं जागेवर येतात.

चौकोन दिसत असतील तर मजकूर युनिकोडच आहे, पण मशीनकडे अक्षर नाही. सगळा मजकूर ठीक आणि फक्त ‘ॲ’ किंवा ₹ च्या जागी चौकोन, असंही होतं. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली, रुपयाच्या चिन्हाला २०१० मध्ये. २००१ च्या फॉन्टमध्ये ते कुठून असणार!

आणि प्रश्नचिन्हं? इथे जपून. फाईलच्या नावात प्रश्नचिन्हं असतील तर घाबरू नका. जुन्या प्रोग्रामला मराठी नाव दाखवता येत नाही एवढाच त्याचा अर्थ असतो, एक्सप्लोररमध्ये नाव बरोबर दिसू शकतं. पण फाईलच्या आत, टेक्स्टमध्ये, ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं असतील तर ती वाईट बातमी आहे. जुन्या नोटपॅडमध्ये ‘एएनएसआय’ हा पर्याय आपोआप निवडलेला असायचा. त्यात मराठी मजकूर सेव्ह करताना एक इशारा येतो, तो न वाचता ‘ओके’ केलं की प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरीचं प्रश्नचिन्ह लिहिलं जातं. ते कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. मग जुनी ईमेल, जुनी सीडी, दुसऱ्या कुणाकडे पाठवलेली कॉपी शोधणं एवढंच हातात उरतं.

फॉन्टचं नाव फाईलच सांगते

वर्डची फाईल असेल तर त्या खिचडीतल्या एखाद्या शब्दावर क्लिक करा आणि वरच्या फॉन्टच्या खिडकीत बघा. फॉन्ट मशीनवर नसला तरी त्याचं मूळ नाव तिथे दिसतं. ते कागदावर उतरवून घ्या. परिच्छेद बदलला की पुन्हा बघा, एका फाईलमध्ये तीन-तीन फॉन्ट निघतात. पेजमेकरची फाईल उघडताना तर गायब फॉन्टांची यादीच समोर येते. तिथे पर्यायी फॉन्ट ‘टेम्पररी’ ठेवायचा की ‘परमनंट’ असं विचारलं जातं. टेम्पररीच ठेवा. साध्या टेक्स्ट फाईलमध्ये फॉन्टचं नाव नसतं, तिथे वर सांगितलेल्या खुणांवरूनच अंदाज बांधायचा.

नाव कळलं की फॉन्ट शोधायची पहिली जागा म्हणजे तोच जुना कॉम्प्युटर. सी ड्राइव्हच्या ‘विंडोज’ फोल्डरमधलं ‘फॉन्ट्स’ फोल्डर आख्खं पेनड्राइव्हवर घ्या. पूर्वीच्या काही पॅकेजांना मशीनच्या मागे लावायचं हार्डवेअर लॉक लागायचं आणि ते लॉक हरवलं म्हणून लोक आशा सोडतात. पण टायपिंगला पॅकेज लागतं, फाईल वाचायला सहसा नुसता फॉन्ट पुरतो. पूर्वी काढलेली पीडीएफ हाती लागली तर उत्तमच. तिच्यात फॉन्ट बहुधा आतच भरलेला असतो, त्यामुळे ती कुठेही बरोबर दिसते आणि प्रिंट होते. फक्त तिच्यातून कॉपी-पेस्ट केलं की पुन्हा तीच खिचडी.

मजकूर युनिकोड आहे आणि मशीन एक्सपीचं आहे, तर गोष्ट वेगळी. इंग्रजी एक्सपीमध्ये मराठी आपोआप चालू नसतं. कंट्रोल पॅनलमध्ये ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’, त्यात ‘लँग्वेजेस’, आणि तिथे ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’चा उल्लेख असलेल्या पहिल्या चौकटीत टिक करायची. यासाठी एक्सपीची मूळ सीडी मागितली जाते, ती नसली की काम अडतं. ही सोय न करता नुसता मंगल फॉन्ट आणून टाकला तर अक्षरं दिसतात पण जुळत नाहीत. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे पडते, पाय मोडलेले उघडे दिसतात. उलट टोकाला, विंडोज १० आणि ११ मध्ये मंगल आणि गुजरातीचा श्रुती हे आधीपासून नसतात, ‘ऑप्शनल फीचर्स’मधून देवनागरी व गुजराती ‘सप्लिमेंटल फॉन्ट्स’ म्हणून घ्यावे लागतात. ते नसले तर दुसरा फॉन्ट लागतो, मजकूर वाचता येतो, पण पानं सरकतात आणि अनुक्रमणिकेतले पान-क्रमांक चुकतात.

रूपांतर करताना आडनावं सांभाळा

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारे कन्व्हर्टर आहेत. मायक्रोसॉफ्टचा टीबीआयएल कन्व्हर्टर त्यातला एक. काम झपाट्याने होतं, पण डोळे झाकून विश्वास ठेवण्यासारखं नाही. ‘शिर्के’ हे आडनाव घ्या. क्रुतिदेवमध्ये ते दिसतं त्या क्रमाने साठतं. आधी ऱ्हस्व वेलांटी, मग अर्धा श, मग त्याचा दंड, मग क, मात्रा आणि सगळ्यात शेवटी रफार. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा, म्हणजे श, वेलांटी, र, हलंत, क, मात्रा. कन्व्हर्टरने वेलांटी एक घर मागे आणि रफार दोन घरं पुढे नेला तरच ‘शिर्के’ होतं, नाहीतर कायच्या काय. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’तला आडवा र ही दुसरी दुखरी जागा. हिंदीला तो लागत नाही, त्यामुळे हिंदीसाठी लिहिलेले कन्व्हर्टर तिथे सर्रास अडखळतात.

कथा-कवितेत अशी चूक वाचणाऱ्याला कळते. वंशावळीत किंवा वाटणीच्या मसुद्यात ती कळत नाही, कारण नाव चुकलं तरी नावासारखंच दिसतं. म्हणून असे कागद रूपांतरानंतर मूळ प्रिंटशी किंवा पीडीएफशी शब्दाला शब्द लावून तपासावेत, शक्यतो घरातल्या जुन्या माणसाला शेजारी बसवून. जुनी माणसं आडनावात चुकत नाहीत.

फॉन्टचा दोष नसेल तेव्हा

फोल्डरचीच नावं चित्रविचित्र झाली, एखादी फाईल अवाढव्य जीबींची दाखवतेय, दुसरी शून्य केबीची, तर ते अक्षरांचं दुखणं नाही. डिस्क किंवा पेनड्राइव्हची आतली नोंदवही खराब झालीय. हार्डडिस्क टकटक वाजत असेल तर मशीन लगेच बंद करा. अशा वेळी दुरुस्तीची कमांड आधी चालवू नये, आधी जे निघेल ते दुसरीकडे काढून घ्यावं.

पेनड्राइव्हवर सगळ्या फोल्डरांच्या जागी एक-एक केबीचे शॉर्टकट दिसले तर तो मात्र खरा व्हायरस. तरी फाईली बहुधा तिथेच लपवलेल्या असतात. ‘फोल्डर ऑप्शन्स’मध्ये लपलेल्या फाईली दाखवायचा पर्याय चालू करा आणि सिस्टिम फाईली लपवायची टिक काढा, त्या दिसतात. शॉर्टकटवर क्लिक करू नका. आणि आज सेव्ह केलेली फाईल यादीत वीस वर्षं मागे जाऊन बसत असेल तर मदरबोर्डवरचा तीन व्होल्टचा सीआर-२०३२ सेल संपलाय. तो बदला, तारीख लावा, झालं.

एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ ला थांबली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० ला. त्यामुळे फाईली काढायला अशा मशीनला इंटरनेट जोडायची गरज नाही, पेनड्राइव्ह पुरे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी बडोद्याच्या वस्त्यांत शिरलं होतं हेही ध्यानात ठेवून एक संच दुसऱ्या घरी किंवा दुसऱ्या गावी ठेवावा. संचात चार गोष्टी हव्यात. मूळ फाईल न बदलता, तिचे फॉन्ट, युनिकोडमधली तपासलेली प्रत आणि पीडीएफ. फोल्डरला नाव देताना साल आणि फॉन्टचं नाव दोन्ही लिहा. जुना डबा भंगारात त्यानंतरच द्या, आणि देताना हार्डडिस्क काढून घरी ठेवा.