दोन राण्या, दोन बॅरिस्टर

मराठी राज्याच्या कागदपत्रांत 'वकील' हा शब्द ज्या अर्थाने येतो, त्या अर्थाने तो आज कोणी वापरीत नाही. दिल्लीस पेशव्यांचे वकील म्हणून हिंगणे राहात. ते कोणाचा दावा चालवीत नसत. धन्याच्या तर्फेने परक्या दरबारी बसून बातमी राखणे, बोलणी लावणे आणि वेळ पडल्यास अपमान गिळणे, हे त्यांचे काम. अदालतीत पक्षकाराच्या वतीने बोलणारा सनदी माणूस हा वकील शब्दाचा आज रूढ असलेला अर्थ आपल्याकडे पक्का झाला तो कंपनीच्या कारकीर्दीत. १७९३ च्या बंगालमधील सातव्या रेग्युलेशनने अशा वकिलांना सनदा देण्याची व त्यांची फी ठरविण्याची पद्धत घातली. त्या सनदा हिंदू व मुसलमान यांनाच मिळत. १८४६ च्या कायद्याने धर्माची व वंशाची ही अट गेली आणि वकिली सर्वांस खुली झाली.

परप्रांती नोकरीस राहिलेल्या मराठी माणसाला वकील शोधण्याचा प्रसंग केव्हातरी येतोच. घरमालकाशी तंटा होतो, जमिनीचे खरेदीखत करावयाचे असते, आणि ज्या गावची भाषा अर्धीमुर्धी समजते त्या गावात विश्वास कोणावर ठेवावा असा प्रश्न पडतो. हा प्रश्न आपल्या आधी ज्यांना पडला, त्यांत महाराष्ट्राबाहेर नांदणाऱ्या दोन मराठी राजघराण्यांतील दोन विधवा होत्या. एक झाशीची, दुसरी तंजावरची. दोघींचा प्रतिपक्ष एकच, ईस्ट इंडिया कंपनी. आणि दोघींनी निवडलेले वकीलही एकाच जातकुळीचे, म्हणजे कंपनीच्या राज्यात राहून कंपनीस जुमानीत नसलेले गोरे बॅरिस्टर. पैकी झाशीची हकीकत अधिक तपशिलाने उपलब्ध आहे, कारण तो वकील लेखकही होता.

गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ रोजी वारले. आदल्या दिवशी त्यांनी आनंदराव या मुलास दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदरराव ठेवले होते. लॉर्ड डलहौसी यांनी हे दत्तविधान राज्याच्या वारशापुरते अमान्य केले व १८५४ च्या वसंतात झाशी खालसा झाली. राणीच्या बाजूने मुख्य आधार १८१७ च्या तहाचा होता. त्या तहात रामचंद्ररावांबरोबर त्यांच्या वारसांचा व उत्तराधिकाऱ्यांचाही हक्क मान्य झाला होता, आणि हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक पुत्र हा वारसच. डलहौसींचे म्हणणे असे की, झाशीकर मुळात पेशव्यांचे सुभेदार. त्यांचे राज्य आश्रित असल्याने वरिष्ठ सत्तेच्या संमतीवाचून दत्तकास गादी मिळत नाही. १८३५ मध्ये रामचंद्ररावांच्या दत्तकाची अशीच वासलात लागली होती, हा दाखलाही त्यांच्या हाताशी होता.

अशा वेळी राणीने आग्र्यास माणसे पाठविली ती जॉन लँग याजकडे. सिडनीजवळच्या पॅरामाटा येथे १८१६ साली जन्मलेला हा गृहस्थ एका हद्दपार कैद्याचा नातू. इंग्लंडात बॅरिस्टर होऊन तो १८४२ मध्ये हिंदुस्थानात आला आणि तीन वर्षांनी त्याने 'मोफस्सिलाइट' हे पत्र काढले. पत्रातून तो कंपनीच्या अंमलदारांची यथेच्छ खिल्ली उडवी. परंतु राणीच्या कानी त्याचे नाव गेले ते निराळ्या कारणाने. कंपनीच्या फौजांना अफगाण व शीख युद्धांत रसद पुरविणारे ज्योतिप्रसाद हे सावकार आपले येणे मागू लागले, तेव्हा कंपनीने उलट त्यांच्यावरच लबाडीचा खटला भरला. १८५१ मध्ये आग्र्यास तो चालला. लँगने बचाव केला आणि ज्योतिप्रसाद निर्दोष सुटले. उत्तर हिंदुस्थानच्या बाजारपेठांतून या निकालाचा केवढा गाजावाजा झाला असेल हे सांगावयास नको. कंपनीला कंपनीच्याच मुलखात हरवता येते, हे लोकांनी पाहिले होते.

राणीची ही निवड आम्हास फार विचाराची वाटते. तिच्या पदरी वकील नव्हता असे नाही. सोनेरी कागदावर फारशीत लिहिलेले पत्र घेऊन लँगकडे जे दोघे आले, त्यांत एक झाशीचा खजिन्याचा कारभारी व दुसरा मुख्य वकील होता. म्हणजे वकीलच वकिलास बोलावण्यास गेला. जुन्या अर्थाचा वकील दरबारात उपयोगी. आता दरबारच उरला नव्हता. तहाचा शब्द ज्या भाषेत व ज्या पद्धतीने तोलला जाणार होता, ती भाषा व ती पद्धत जाणणारा माणूस तिला हवा होता. आणि तो प्रतिपक्षाच्या मिंधेपणात नसलेला हवा होता. हे दोन्ही गुण असलेला माणूस शोधून काढणे सोपे नव्हते.

लँग पालखीने रात्रभर प्रवास करून ग्वाल्हेरीस पोचला आणि तेथून राणीने पाठविलेल्या बग्गीतून झाशीस गेला. उन्हाळ्याचे दिवस, गाडीत बर्फात ठेवलेले पेयांचे भांडे होते आणि मागे उभा राहून एक जण पंखा ओढीत होता. भेटीची वेळ ब्राह्मणांनी मुहूर्त पाहून ठरविली. त्याहून अवघड प्रश्न जोड्यांचा निघाला. राणीच्या दालनात जोडे काढून यावे अशी रीत. साहेबास ते कमीपणाचे वाटे. अखेर जोडे काढावे पण डोक्यावरची टोपी तशीच ठेवावी, अशी तडजोड झाली. (कचेऱ्यांत ज्यांची हयात गेली त्या आमच्या वाचकांस या तडजोडीचे नवल वाटू नये.) पुढे पडदा होता. छोट्या दामोदररावाने तो एकाएकी सरकविला, आणि राणीचे ओझरते दर्शन झाले. तिचे रूप व आवाज यांविषयी लँगने जे लिहिले आहे ते काहीसे उर्मट आहे. लँगनंतर तीन-चार वर्षांनी झाशीत आलेल्या गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' ज्याने वाचला आहे, त्यास दोन दृष्टींतला फरक तात्काळ कळेल.

झाशी न देण्याविषयीचे जे चार शब्द आज शाळेतल्या मुलास पाठ आहेत, ते आपणापर्यंत आले आहेत ते या गोऱ्या वकिलाच्या कानाने व लेखणीने. त्याने ते मोडक्या हिंदुस्थानीत उतरविले आहेत. परंतु त्या बैठकीतील महत्त्वाचा भाग पुढेच आहे. लँगने तिला सांगितले की, विलायतेस विचारल्यावाचून राज्य परत देण्याचा अधिकार आता गव्हर्नर जनरलासही नाही. तेव्हा विलायत सरकारकडे दाद मागावी, आणि निकाल लागेपर्यंत सालीना साठ हजारांचा तनखा, हक्क राखून व निषेध नोंदवून घेत जावा. रात्री दोनच्या सुमारापर्यंत ही चर्चा चालली. राणीने बाकी सर्व सल्ला मानला. तनखा घेण्याचे मात्र कबूल केले नाही.

नेमलेला वकील चांगला की वाईट हे ठरविण्यास आमच्या मते हीच कसोटी पुरेशी आहे. पक्षकार राणी, बिदागी मोठी, आणि तरीही त्याने खोटी आशा दाखविली नाही. निरोप देताना त्याला हत्ती, उंट, अरबी घोडा, शिकारी कुत्रे, रेशमी वस्त्रे व शाली अशी बिदागी मिळाली. नको म्हटल्यास राणीचे मन दुखावेल असे सांगितल्यावर त्याने ती घेतली. अर्ज गेले, आणि फेटाळले गेले. याचे कारण वकिलात शोधणे अन्यायाचे होईल. ज्योतिप्रसादांच्या खटल्यात निदान एक न्यायासन होते. झाशीच्या प्रकरणी ज्यांनी राज्य घेतले त्यांच्याच पुढे, किंवा त्यांच्या धन्यांपुढे, अर्ज करावयाचा होता. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांचे वकील रंगो बापूजी हे याच वाटेने लंडनात कित्येक वर्षे झिजले होते. त्यांचे धनी १८४७ मध्ये काशीस वारले तरी ते मागे हटले नाहीत, आणि शेवटी रिकाम्या हातांनी परतले. लँग १८६४ मध्ये मसुरीस वारला. त्याची झाडोऱ्यात बुजलेली कबर शंभर वर्षांनी, १९६४ मध्ये, रस्किन बाँड यांनी शोधून काढली.

तंजावरचे प्रकरण निराळे, आणि कायद्याच्या दृष्टीने अधिक बोधप्रद. शिवाजीराजे ऑक्टोबर १८५५ मध्ये निपुत्रिक वारले. राज्य १७९९ च्या तहानेच सरफोजीराजांच्या हातून गेले होते. उरले होते किल्ला, वाडा, जडजवाहीर, ग्रंथसंग्रह आणि राजपद. कंपनीने राजपद संपुष्टात आल्याचे ठरविले आणि ऑक्टोबर १८५६ मध्ये तिचे अधिकारी फोर्ब्स यांनी लष्करी पहारा बसवून वाड्यातील सर्व चीजवस्तूंवर मोहोर केली. थोरली राणी कामाक्षीबाई हिच्या बाजूने मद्रासचे बॅरिस्टर जॉन ब्रूस नॉर्टन उभे राहिले. यांनी १८५३ मध्येच दक्षिणेतील कंपनीच्या न्यायदानाचे वाभाडे काढणारे पुस्तक लिहिले होते.

दाव्याची मांडणी कशी झाली ते पाहण्यासारखे आहे. राज्य मागितलेच नाही. पतीची खाजगी मालमत्ता विधवेची, एवढेच म्हणणे. आणि दाद मागितली ती मद्रासच्या सुप्रीम कोर्टात, जे इंग्लंडच्या राजाच्या सनदेचे होते, कंपनीचे नव्हते. झाशीस असे कोर्ट जवळपास नव्हते. हे कोर्ट कामाक्षीबाईच्या बाजूने गेले. कंपनीला तिच्याच मुलखात हरविण्याचा ज्योतिप्रसादांच्या खटल्यातला चमत्कार पुन्हा घडला, असे काही काळ वाटले असेल.

परंतु १८५९ च्या जुलैत प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरविला. राज्यकर्त्या सत्तेने राजकीय अधिकाराने केलेली जप्ती ही राज्यकृती होय. ती न्याय्य असो वा अन्यायाची, तिची चौकशी करण्याचा अधिकार दिवाणी कोर्टास नाही, असा त्याचा आशय होता. लँगने झाशीस त्या रात्री जे ओळखले होते, त्यास आता कायद्याची मोहोर लागली. हा निवाडा कायद्याच्या ग्रंथांतून पुढे सारखा उद्धृत होत राहिला, आणि एका मराठी विधवेचे नाव इंग्रजी वळणाने विद्यार्थ्यांच्या तोंडी बसले. ती तंजावरच्या भोसल्यांची राणी, हे त्यांतल्या कितीजणांस ठाऊक असेल?

तरीही नॉर्टन यांची वकिली वाया गेली असे म्हणवत नाही. प्रकरणाचा बोभाटा झाला होता, आणि १८६२ मध्ये सरकारने मेहेरबानी म्हणून खाजगी मालमत्ता राण्यांस परत केली. कोर्टाने हक्क म्हणून जे नाकारले ते सरकारने कृपा म्हणून दिले. पुढच्याच वर्षी नॉर्टन मद्रास सरकारचे अॅडव्होकेट जनरल झाले. परत मिळालेल्या मालमत्तेवरून राण्यांचे आपसांत भांडण लागले आणि त्याचा निकाल १८६८ मध्ये मद्रास हायकोर्टाने दिला; त्या खटल्याने काही वकिलांची घरे भरली असतील. सरस्वती महालातील ग्रंथसंग्रह १९१८ मध्ये सार्वजनिक झाला, आणि त्यातली मराठी हस्तलिखिते व मोडी कागद आज तंजावरास जाणाऱ्या कोणासही पाहावयास मिळतात.